चुन्याने आखलेली गाडी

आधीच सांगून टाकते, माझे लिहिणे शुद्ध नाही. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला शाळेत असतानाही कळले नव्हते, आणि शाळा म्हणाल तर आंधळगावला चौथीपर्यंत. अक्षरही वाईट आहे. रेक्झीनवर मी हातभर टाका सरळ घालते, पण कागदावर हात ओळ सोडून खाली उतरतो. मुलीची अर्धी कोरी राहिलेली वही आहे, तीत लिहिते आहे. कोणाला दाखवायचे नाही. तरी कोणाच्या हाती पडलीच तर त्याने चुका पोटात घालाव्या.

लिहायला बसले कारण एक गाडी डोक्यातून जात नाही. ती कधी रस्त्यावर धावली नाही. धावलेल्या गाड्या मी विसरले, हीच तेवढी मला स्वस्थ बसू देत नाही. भाजी चिरताना, शिवताना, बोलता बोलता मी मनात तिचे माप घेत असते. मुलगी म्हणते, आई, तुझे लक्ष कुठे असते? तिला काय सांगू?

माझे वडील विणकर. आमच्या घरात दोन माग होते. कापडाला दोनच गोष्टी असतात, लांबी आणि पन्हा. पन्हा म्हणजे रुंदी. ताणा, म्हणजे उभे सूत, किती हात, पन्हा किती, काठ किती बोटांचा, एवढे ठरले की लुगडे ठरले. वडील सुताच्या दोरीला गाठी मारून मोजत. ती सवय मलाही लागली. पुढे टेप आला, पण माझा विश्वास गाठींवरच राहिला.

लग्न होऊन भंडाऱ्याला आले तेव्हा आमच्या यांचे पवनीच्या रस्त्याला नाक्याजवळ गॅरेज होते. गॅरेज म्हणजे टिनाचे छप्पर, पुढे सारवलेले मोठे अंगण, कडुनिंबाला टांगलेली साखळी-कप्पी, आणि मागे दोन खोल्यांत आम्ही. यांना सगळे मिस्त्री म्हणत. गाडी नाक्यावर असतानाच आवाज ऐकून हे सांगत की तिचा कोणता वॉल्व्ह जळला आहे. कागद-पेन्सिलीला मात्र हे शिवत नसत. सगळे माप डोळ्याने आणि बोटांनी.

सीटचे काम माझ्याकडे सहज आले. एका जीपची सीट उसवली होती आणि नागपूरला पाठवायला वेळ नव्हता. मी म्हटले, द्या इकडे. तेही पडद्याआडून म्हटले. गिऱ्हाईक आले की मी पडद्यामागे जात असे. परक्या माणसासमोर उभे राहून बोलायचे म्हटले की माझी जीभ टाळूला चिकटते. अजूनही तसेच आहे. पण ती सीट मी अशी शिवली की जीपवाला दुसरी घेऊन आला, आणि मग दारावर रेक्झीनच्या गुंडाळ्या उभ्या राहिल्या त्या राहिल्याच.

ज्यांनी गाडीची सीट फाडून पाहिली नाही त्यांना सांगते. खाली स्प्रिंगांची जाळी असते, तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर पिंजलेला काथ्या, त्यावर कापसाची पातळ गादी आणि सर्वांत वर रेक्झीन. कसब सारे काथ्यात. तो सगळीकडे सारखा पिंजला नाही तर माणूस नकळत एका अंगाला कलतो, दहा मैलांनी त्याची कंबर दुखते, आणि तो शिव्या रस्त्याला देतो. हूड म्हणजे जीपचे ताडपत्रीचे छत. ते अवघड. सुई जाते तिथे भोक पडते आणि भोक तिथे पाणी. मी दोरा मेणातून ओढून घेत असे आणि शिवण दुमडून दोनदा मारत असे. माझ्या हूडखाली बसलेला माणूस भर श्रावणात कोरडा उतरला, एवढा गर्व मला आहे.

ताडपत्री कापण्याआधी मी हूडचा आकार अंगणात चुन्याने आखत असे, खऱ्या मापाचा. कागदावर लहान करून काढायचे तर पुढे मोठे करताना आकडे लागतात, आणि आकड्यांशी माझी ओळख चौथीतच तुटली. जमिनीवर जेवढ्यास तेवढे काढले की हिशेबाचे कामच नाही. दोरी लावायची, गाठ पाहायची, रेघ मारायची.

एक तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा ठेकेदार होता, मोठ्या आवाजाचा. एकदा जीपचे हूड वरपासून खालपर्यंत फाटलेले घेऊन आला. जंगलात मुक्काम होता, जीपमध्ये मोहफुलांची पोती होती, आणि अस्वलाला वास लागला.

"साठ रुपये कायचे जी?" तो यांना म्हणाला. "मी फाडलं का? अस्वलानं फाडलं."

"मंग अस्वलाले बिल पाठवा," हे म्हणाले. "पत्ता तुमालेच माहीत."

"दहा तं कमी करा, मिस्त्री."

"हूडचा भाव घरातून ठरते. तिकडं विचारा."

ठेकेदार पडद्याकडे वळला. मी आतून कशीबशी म्हणाले, "मोहाचा वास धुऊन काढाले लागला, भाऊ. नाही तं थो पुन्हा येईन."

ठेकेदाराने हसत साठ रुपये मोजले. पण तो येऊन गेला की संध्याकाळपर्यंत त्याचा आवाज माझ्या कानात राही. पुढे त्याच्या त्या आवाजानेच घोटाळा केला. घोटाळा माझा, निमित्त त्याचे.

पेट्रोल एकदम महाग झाले होते ते दिवस. मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या घरच्या मोठमोठ्या जुन्या मोटारी छपराखाली उभ्या राहिल्या आणि त्यांच्यात कोंबड्या अंडी घालू लागल्या. ज्याच्याकडे अँबॅसडर होती तो पेट्रोलचे इंजिन काढून डिझेलचे बसवून मागत होता. एका गाडीचे इंजिन दुसरीत बसवणे हे तेव्हा यांचे नाव झाले होते. भंडाऱ्यात असे काम करणारे फार नव्हते. गोंदियाच्या रस्त्याचे ट्रकवालेही चेसिसचे काम आमच्याकडे आणत. चेसिस म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ज्याच्यावर सगळे उभे असते.

अशात अड्याळच्या राइस मिलचा प्रभाकर आला. पंचविशीचा. वडील नुकतेच वारलेले, मिल हाती आलेली. एका मालगुजाराच्या घरून त्याने बाराशे रुपयांत जुनी उघडी अमेरिकन मोटार विकत घेतली होती. इंजिन फुटलेले. बैलजोडी लावून अंगणात ओढत आणली. उतरला आणि खिशातून कोण्या विदेशी मासिकाचे फाडलेले पान काढले.

"मिस्त्री, अशी पाह्यजे."

पानावर एक जुनी गाडी होती. मडगार्ड नाहीत, बॉनेट नाही, इंजिन सगळे उघडे. पुढून नाक जमिनीला लागेल इतकी बसकी, मागे जाड चाके. हल्ला करायला निघालेल्या रानडुकरासारखी दिसत होती.

"हे तं गाडी सोलून ठेवली," हे म्हणाले. "मडगार्ड नाही तं चिखल तोंडावर उडन."

"उडू द्या."

"पावसात इंजिन भिजन."

"भिजू द्या जी. आवाज पाह्यजे. भंडाऱ्यातून निंगालो का अड्याळले समजलं पाह्यजे, प्रभाकर येऊन राहिला म्हणून."

"आन् उद्या लग्न झालं तं बायको कुठं बसन?"

"थे एसटीनं येईन."

मला पडद्याआड हसू आवरेना. अशा गाड्यांना परदेशात काही नाव असेल. आम्ही तिला सोललेली म्हणत असू. प्रभाकरने इंजिनासाठी आणि सामानासाठी अठ्ठावीसशे रुपये दिले. हे नागपूरच्या भंगार बाजारातून फौजी ट्रकचे सहा सिलिंडरचे इंजिन घेऊन आले. अंगणात उतरवले तेव्हा लांबीला जुन्या इंजिनाच्या दीडपट भरले.

मग ठरवाठरवी सुरू झाली. प्रभाकर आठवड्यातून दोनदा येई आणि दर वेळी गाडी बदलून जाई. कधी सीट मागे पाहिजे, कधी इंजिन अजून पुढे, कधी गाडी आणखी चार बोटे खाली. हे आणि तो गाडीभोवती फिरत हवेत हात हलवत. हे म्हणत, "असं येईन," तो म्हणे, "नाही जी, असं." दोघांच्या हातात दोन वेगळ्या गाड्या. मला ते ऐकवेना. मी हातातली सीट टाकली, चुन्याचे घमेले घेतले, आणि प्रभाकर गेल्यावर अंगणात दोरी लावून ती गाडी खऱ्या मापाची आखून टाकली. चार चाके, चेसिसच्या दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे मेंबर, सीट. इंजिनाचे वरून माप घेतले आणि खोक्यांचे पुठ्ठे जोडून तेवढा आकार कापला. तो रेघांच्या आत ठेवून पुढेमागे सरकवता येत होता.

पुढच्या खेपेला प्रभाकर आला आणि पाहतच राहिला. मी सीटच्या जागी गोणपाट टाकले होते. तो त्यावर पाय लांब करून बसला. यांनी त्याच्या हातात तेलाच्या डब्याचे झाकण दिले. ते स्टेअरिंग म्हणून धरून त्याने तोंडाने असा आवाज काढला की आमची गाय दावे ओढू लागली. रस्त्यावरचे लोक थांबले.

"वहिनी," तो पडद्याकडे पाहून ओरडला, "पाय टेकून राहिले समोर! जरा इंजिन पुढं सरकवा!"

मी घूंगट पुढे ओढून बाहेर आले, पुठ्ठा तीन बोटे पुढे सरकवला आणि आत गेले. माझ्या आयुष्यात माझ्या हाताच्या कामाकडे एवढी माणसे एकदम पाहत कधी उभी राहिली नव्हती. आत येऊन मी पाणी प्यायले. मला बसवेना. त्या दिवसापासून ती गाडी यांची राहिली नाही, प्रभाकरची राहिली नाही, माझी झाली. हीच खोड.

पण अंगणात ती एकटी नव्हती. गावातल्या एका डॉक्टरसाहेबांची अँबॅसडर डिझेल इंजिनासाठी उघडून पडली होती. एका टॅक्सीवाल्याने लग्नांची भाडी घेऊन ठेवलेली आणि त्याचा गिअर बॉक्स बाकावर सुटा. ठेकेदाराची जीप तेंदूच्या हंगामाआधी पाहिजे होती. हंगाम तीन-चार आठवड्यांचा, त्यात जीप नाही तर वर्ष गेले. मी एकीची सीट अर्धी शिवून दुसरीच्या हूडकडे धावत होते, मधेच सोललेलीच्या रेघा गाईने पुसल्या की पुन्हा मारत होते. एकीचे नट दुसरीच्या डब्यात जात. हे जेवताना ताटात बोटाने चेसिस काढत. माझी वरणाला फोडणी द्यायची राहून जाई. चार गाड्या, चार मालक, आणि माझे मन एकाही गाडीत दहा मिनिटे बसत नव्हते. बसले की सोललेलीत.

ठरले ते असे. नवे इंजिन लांब होते, म्हणून चेसिसचा पुढचा एक आडवा मेंबर कापून काढायचा आणि इंजिन बसल्यावर वीतभर मागे नवा टाकायचा. गाडी बसकी पाहिजे, म्हणून पुढच्या पाट्यांची दोन-दोन पाने काढायची. पाटे म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्या, ज्यांच्यावर गाडी झुलते. माझ्या आखणीत सगळे बसत होते. पुठ्ठ्याच्या चारी बाजूंनी दोन-दोन बोटे जागा सुटत होती.

हे म्हणाले होते, "उद्या गाडीखाली जाऊन पाहू. समोरचा एक्सल कुठून जाते थे मोजाले लागन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी घेऊन गाडीखाली जाणार, तोच ठेकेदार.

"मिस्त्री! सोमवारपासून तेंदूपत्ता सुरू होऊन राहिला आन् माही जीप अजून नागडी! हूड कुठं हाय?"

मी दोरी टाकली आणि हूडला बसले. दुपारपर्यंत टाके घातले. संध्याकाळी हे हात पुसत आले.

"सारं मोजलं न वो?"

मी म्हटले, "मोजलं."

खोटे बोलायचे माझ्या मनात नव्हते. मला खरेच वाटत होते की सारे मोजले आहे. एक्सल, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, मी आखणीत दाखवला होता, एक आडवी रेघ. लांबी होती, पन्हा होता. तिसरे काही मोजायचे असते हे डोक्यात आलेच नाही. विणकराच्या घरात कापड आडवे पडते, लुगड्याला उंची नसते. इंजिनाच्या पोटाखाली तेलाचा चेंबर लोंबत असतो, हे मी रोज पाहत होते. पण माझा पुठ्ठा सपाट होता, आणि सपाट पुठ्ठा एक्सलच्या रेघेवरून आरामात सरकत होता.

हे माझ्या शब्दावर विसंबले. छन्नीने रिव्हेट उडवले, करवतीने मेंबर कापला. अगदी माझ्या रेघेला रेघ. इतके सरळ कापलेले लोखंड मी पुन्हा पाहिले नाही.

इंजिन उतरवायच्या दिवशी प्रभाकर नारळ घेऊन आला होता. यांनी कडुनिंबाची साखळी ओढली, इंजिन वर गेले, गाडी खाली ढकलून आणली आणि इंजिन हळूहळू उतरू लागले. मी पडद्याच्या फटीतून पाहत होते. चार बोटे राहिली असतील आणि ते थांबले. चेंबर एक्सलवर टेकला होता.

"काय झालं, मिस्त्री?"

"थांबा भाऊ." हे वाकून पाहू लागले. मग इंजिनाचा भार थोडा चेसिसवर घेऊन खाली पाहावे म्हणून दोन्ही पट्ट्यांवर लाकडी फळी टाकली आणि साखळी एक कडी सोडली. मेंबर कापलेली चेसिस ती. लोखंड कण्हल्यासारखा आवाज झाला. डावी पट्टी बाहेर फाकली, इंजिन एका अंगाला पडले आणि चेंबर एक्सलच्या बोल्टवर फुटला. काळे तेल माझ्या चुन्याच्या रेघांवरून पसरत गेले. यांचा हात आत नव्हता, एवढेच देवाचे.

प्रभाकरच्या हातात नारळ तसाच.

"आखणी तं बसत होती जी," शेवटी तो म्हणाला. "मी स्वतः बसून पाह्यलं."

पडदा माझ्या हातात होता. बाजूला करायचा आणि म्हणायचे, उंची मोजली नाही, माझी चूक. तीन-चार शब्द. माझी जीभ उचलली नाही.

हे म्हणाले, "आखणी बरोबर होती, भाऊ. कापताना माहा हात चुकला."

प्रभाकर भांडला नाही. भांडला असता तर बरे झाले असते. त्याने नारळ ओट्यावर ठेवला. "मले आता हे गाडी नको, मिस्त्री. पैसे सवडीनं द्या. पण सारे द्या." अठ्ठावीसशे सामानाचे आणि बाराशे गाडीचे, चार हजार.

तो गेल्यावर मी यांना विचारले, "काहून खोटं सांगितलं?"

"खरं सांगतो तं काय म्हटलं असतं लोकायनं? मिस्त्रीनं बायकोच्या रांगोळीवर गाडी कापली!" हे तेलावर माती टाकत होते. "हात चुकला म्हटलं तं एकाच माणसाची अब्रू जाते. थे माही."

"मी सांगतो म्हटलं तं?"

"तू? तू ठेकेदाराले साठ रुपये सांगतानी घामाघूम होतं." मग हसले. मला ते हसणे सहन झाले नाही. त्यांनी मला वाचवले की स्वतःच्या मिस्त्रीपणाला, हे मी पुढे पुष्कळ वेळा मनात उलटसुलट केले. दोन्ही असेल.

चेसिस सरळ करायचा प्रयत्न यांनी केला. तापवून, ठोकून. पण इतके जुने लोखंड, एकीकडे सरळ केले की दुसरीकडे वाकत होते. आणि गोष्ट एव्हाना अड्याळहून भंडाऱ्याला येऊन पोचली होती. प्रभाकरने वाईट बुद्धीने सांगितली नसेल. लोक विचारत, गाडीचे काय झाले, आणि तो सांगे, मिस्त्रीचा हात चुकला. ते पुढे जाता जाता झाले, मिस्त्रीचा हात आता भरोशाचा नाही. ट्रकवाले नाक्यावरून हात दाखवून सरळ जाऊ लागले. चेसिसचे काम पहिल्या वर्षी कमी झाले, दुसऱ्या वर्षी बंद. डॉक्टरसाहेबांची अँबॅसडर हीच यांनी इंजिन बदललेली शेवटची गाडी. ती पुढे किती तरी वर्षे सुरळीत चालली, पण सुरळीत चाललेल्या गाडीची गोष्ट कोणी सांगत नाही. यांच्या हाती राहिले ब्रेक, प्लग, पंक्चर. नाक्यावरून जाणाऱ्या नागपूरच्या गाड्यांची नवी इंजिने ऐकून हे नुसते इंजिनाचे नाव सांगत आणि प्लग घासत बसत.

मला बसवत नव्हते. मी ठरवले, चार हजार माझ्या शिवणाचे जातील. गॅरेजच्या पैशाला हात लावायचा नाही. यांना बोलले नाही, पण त्यांना कळले असावे. सोललेलीचे पितळी रेडिएटर, दिवे, चाके विकून पहिले पाचशे दिले. बाकी मी शिवून काढले. जीपच्या सीटा, ट्रॅक्टरच्या सीटा, सायकल रिक्षांचे हूड, पुढे मॅटाडोर आल्या तेव्हा त्यांच्या लांब बाकांच्या गाद्या. सणाला सुई खाली ठेवली की माझ्या बोटांना खाज येई. मुलगी लहान होती, ती काथ्याच्या ढिगावर झोपून मोठी झाली. कधी दोनशे, कधी सत्तर, कधी वर्षभर काही नाही. हे सायकलने किंवा एसटीने अड्याळला जाऊन देऊन येत. परत आले की मी विचारी, "काही म्हटलं का?" हे म्हणत, "काय म्हणन? पैसे घेतले, चहा पाजला."

एक गोष्ट मी शिकले. आखणी करताना दोरीच्या जोडीला एक काठी ठेवते. प्रत्येक रेघेच्या कोपऱ्यावर ती उभी धरून पाहते, इथे किती वर, तिथे किती खाली. मॅटाडोरवाला एकदा म्हणाला, "बाई, सीट शिवून राहिल्या का घर बांधून राहिल्या?" मी पुढच्या कोपऱ्यावर काठी उभी धरली.

आठ वर्षे झाली असतील. त्या पौषात माझ्याजवळ तीनशे चाळीस साठले, आणि बाकीही तेवढीच होती. हे शर्ट घालू लागले.

मी म्हटले, "मी जाईन."

"कुठं?"

"अड्याळले."

हे शर्टाची बटणे लावता लावता थांबले. मग काढू लागले. "समोरच्या सीटवर बसजो," म्हणाले. "मांगं उलटी होते तुले."

एसटीत मी सगळा वेळ मनात बोलत होते. उतरले तेव्हा सगळे विसरले होते. मिल नुकत्याच आलेल्या धानाने भरलेली. पोत्यांच्या थप्प्या, हवेत कोंड्याची धूळ, पट्ट्यांचा आवाज असा की बोललेले ऐकू येईना. प्रभाकर गादीवर बसला होता. अंग सुटले होते, चष्मा लागला होता. मला पाहून उभाच राहिला.

"वहिनी? मिस्त्री बरे हायेत न?"

मी मान हलवली. पुढे काय बोलले ते त्या आवाजात माझे मलाही ऐकू गेले नाही. त्याने हात वर करून आतल्या माणसाला खूण केली. मिल बंद झाली. एकदम शांत. चार हमाल, एक मुनीम आणि धान आणलेले तीन-चार शेतकरी, सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला वाटले जमीन पोटात घेईल तर बरे.

"हे शेवटचे," मी पैसे पुढे केले. आणि तसेच म्हणून टाकले, थांबले असते तर राहिले असते. "भाऊ, कापणं बरोबर होतं. यायचा हात चुकला नाही. आखणी चुकली होती. मी उंची मोजली नव्हती."

प्रभाकरने चष्मा काढला. कोंड्याने धुरकटलेला होता, धोतराने पुसत राहिला.

"मंग मिस्त्रीनं काहून तसं सांगितलं?"

मी नोटा गादीवर त्याच्या पुढ्यात ठेवल्या.

"मी तं साऱ्या अड्याळले सांगितलं, वहिनी. भंडाऱ्यालेही सांगितलं. ज्यानं विचारलं त्याले सांगितलं, मिस्त्रीचा हात गेला म्हणून."

"तं आता हे सांगा," मी म्हटले. एवढ्या माणसांत.

त्याने चष्मा पुन्हा चढवला. "आठ वर्षं झाली," हळूच म्हणाला. "आता कोणाले सांगू? इचारते कोण?"

त्याने खाली बसून नोटा मोजल्या. एक दहाची फाटकी होती, ती परत केली. मी पदराच्या गाठीतून परतीच्या तिकिटासाठी ठेवलेली दहाची नोट काढून दिली. त्याने ती नीट पाहून बाकीच्यांत ठेवली, वही ओढली, आमच्या नावाखाली रेघ मारली आणि वही माझ्याकडे फिरवली, मला वाचता यावे म्हणून.

"बरोबर," तो म्हणाला. "सारे फिटले, वहिनी. एक पैसा बाकी नाही."